झाक रूमँ: कम्युनिस्ट माणूस व्हुडूचे ढोल का जपत होता?

ओली_पाटी:
हैतीच्या झाक रूमँची कादंबरी काल संपवली, 'मास्टर्स ऑफ द ड्यू' हे इंग्रजी भाषांतर. शेवटी रडूच आलं. मग त्याच्याबद्दल शोधलं तर १९३४ ला हैतीची कम्युनिस्ट पार्टी काढण्यात हाच पुढे, त्यासाठी जेल पण झाली, आणि १९४१ ला ब्युरो ऑफ एथ्नॉलॉजी, म्हणजे लोकजीवनाचा अभ्यास करणारी संस्था, पण यानेच काढली. देव न मानणारा माणूस व्हुडूचे, म्हणजे तिथल्या आफ्रिकी मुळाच्या लोकधर्माचे, ढोल का जपत होता? नीट कोणी सांगेल का?

रानवाट:
१९४१-४२ मधे तिथे काय चालू होतं ते बघा. कॅथलिक चर्चची अंधश्रद्धाविरोधी मोहीम जोरात होती, सरकारचा पण हात पाठीवर, खेडोपाडी व्हुडूची ठाणी मोडली, ढोल जाळले, पवित्र मानलेली झाडं तोडली आणि वर लोकांकडून व्हुडू सोडल्याची शपथ घेतली. रूमँने लेख लिहून सांगितलं की मोहीम काढायचीच तर गरिबीविरुद्ध काढा. त्याला श्रद्धा टिकवायची नव्हती हो, पण गरिबाच्या घरात घुसून त्याचा देव जाळणं त्याला अजिबात पटत नव्हतं. आसोतोर म्हणून माणसाहून उंच ढोल असतो, त्याच्या विधीवर १९४३ ला त्याने अख्खं पुस्तक केलंय.

सांजवारा:
उत्तर कादंबरीतच आहे की! नायक मॅन्युएल पंधरा वर्षं क्यूबात ऊस तोडून गावी येतो, घरी लेग्बा या व्हुडू देवाची पूजा होते तेव्हा सगळ्यांबरोबर मनापासून नाचतो, आणि नंतर सांगतो की वाडवडिलांच्या रीतीचा मान राखतो पण कोंबड्याच्या रक्ताने पाऊस पडत नाही. पाणी आणायचं तर कोंबितच लागणार, म्हणजे आपण इर्जिक म्हणतो तसं, सगळं गाव एकमेकांच्या रानात राबतं, ढोलाच्या तालावर. तो ढोल जाळला तर माणसं एकत्र येणार कशी? आणि हे लिहिणारा कोण, तर राष्ट्राध्यक्षाचा नातू, स्वित्झर्लंडमधे शिकलेला.

जुना_वाचक:
सगळं खरं, पण लोककथा-लोकधर्मात रस घेतला की माणूस जनतेचा होतो असं समजू नका. हैतीचा पुढचा हुकूमशहा फ्रान्स्वा दुव्हालिए पण याच विषयावर लिहायचा, 'ले ग्रियो' मासिकवाल्यांत होता, आणि १९५७ ला सत्तेवर आल्यावर त्याने व्हुडूचीच भीती लोकांना दाखवली. रूमँ ते बघायला राहिला नाही, १९४४ च्या ऑगस्टमधे गेला, अवघा ३७ वर्षांचा. कादंबरी मेक्सिकोत वकिलातीत असताना पूर्ण केलेली, छापली गेली त्याच्यामागे.

ओली_पाटी:
म्हणजे त्याने ती छापलेली पाहिलीच नाही... नाचाचा भाग मी भराभर वाचून पुढे गेले होते, आज परत वाचते.