अनुभव धागा: मराठवाड्यातल्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) उपवासकाळ कसा चालतो?

नाताळचं काम सगळ्यांना पाठ असतं. उपवासकाळाचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांचं, मात्र दोन-चार माणसांच्या डोक्यात असतं, आणि ती माणसं बदलली की गाडी पुन्हा पहिल्यापासून. वसई-मुंबईचं वेळापत्रक इथं जसंच्या तसं चालत नाही. आपल्याकडे हे दिवस म्हणजे ज्वारी-हरभऱ्याची सुगी, दहावी-बारावीच्या परीक्षा, ऊसतोडीला गेलेली घरं आणि चढता उन्हाळा. औरंगाबाद धर्मप्रांत (बिशपांचं कार्यक्षेत्र) १९७७ साली अमरावतीतून वेगळा झाला, तेव्हापासून आजपर्यंत एका फादरांकडे अनेक उपकेंद्रं (आसपासच्या गावांतली छोटी उपासनास्थळं) ही गोष्ट काही बदललेली नाही. म्हणून जाणत्यांना विनंती: तुमच्याकडे काय, किती आणि कसं करतात ते लिहा. आठवणी नकोत, कृती हवी.

धर्मशिक्षण वर्ग घेणारी, जालना

आधी नियम, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. उपवास बंधनकारक आहे तो दोनच दिवशी, भस्म बुधवार (उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावतात तो) आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे). त्या दोन दिवशी आणि उपवासकाळातल्या सगळ्या शुक्रवारी मांस वर्ज्य. उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं आणि एकोणसाठ पूर्ण झाली की सुटतं. मांसवर्ज्य चौदा पूर्ण झाल्यापासून पुढे, त्याला वरची मर्यादा नाही. आजारी माणसं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, उन्हात अंगमेहनत करणारे यांना उपवासातून सूट आहे. तरीही ते धरतात आणि दुपारी शेतात चक्कर येऊन पडतात. हे आधीच्या रविवारी वेदीवरून स्पष्ट सांगायला हवं.

आपला उपवास म्हणजे दिवसात एकदा पोटभर जेवण, आणि दोन वेळा थोडंसं, ते दोन्ही मिळून एका जेवणाएवढं होऊ नये. भाकरी-पिठलं चालतं, वरण-भात चालतो. आपल्याकडे मात्र एकादशीची सवय अंगात मुरलेली, त्यामुळे घरोघरी साबुदाणा आणि भगर शिजते. ती खाण्यात काही चूक नाही, पण दाण्याचं कूट घातलेल्या खिचडीच्या दोन ताटल्या झाल्या की उपवास कसला? पदार्थ बदलायचा नसून भूक ठेवायची आहे. पाण्याला बंदी नाही. अंडी, दूध, मासे चालतात. नाथसागरातला रोहू शुक्रवारी खाल्ला तर नियम मोडत नाही. मटणाचा रस्सा ओरपून फोडी बाजूला काढणं ही मात्र निव्वळ पळवाट.

मुलं दर वर्षी विचारतात ते गणित: भस्म बुधवारापासून पवित्र शनिवारपर्यंत (ईस्टरचा आदला दिवस) शेहेचाळीस दिवस, त्यातले सहा रविवार वजा, उरले चाळीस. रविवार उपवासाचा नसतो.

वेदीघर सांभाळणारा, छत्रपती संभाजीनगर

भस्म गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) वाटलेल्या झावळ्यांचं. दोन रविवार आधी घोषणा करून घरोघरच्या क्रूसामागे खोचलेल्या झावळ्या परत मागवायच्या. मराठवाड्यात नारळाच्या झावळ्या फुलबाजारातून विकत आणाव्या लागतात. खेड्यात ओढ्याकाठची शिंदी वापरतात. दोन्ही जळतात, पण शिंदीच्या बुडाचे काटे आणि नारळाच्या पातीतली हीर आधी काढून टाकायची, नाहीतर राखेत कोळशाचे खडे राहतात आणि कपाळाला ओरखडे उठतात.

लोखंडी कढई, उघडी जागा, वारा नको. रॉकेल अजिबात घालू नये. वास जात नाही आणि राख चिकट होते. झावळ्या कात्रीने बोटभर तुकडे करून थोड्या थोड्या टाकायच्या. एकदम भरल्या तर खालच्या गुदमरून तपकिरी राहतात, कपाळावर दिसतच नाहीत. थंड झाल्यावर खलबत्त्यात कुटून मलमलच्या कापडातून चाळायची. पोतंभर झावळ्यांची राख हातात मावेल एवढीच होते, पण एक लहान वाटी तीनशे-चारशे लोकांना पुरते.

पाणी कालवू नये. राख क्षारयुक्त असते, ओली करून ठेवली की नाजूक कातडीला झोंबते. खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब पुरे. जास्त तेल झालं तर घामाबरोबर डोळ्यात उतरतं. अगदी कोरडी राख अंगठ्याला धरत नाही, ती डोक्यावर चिमूटभर टाकण्यासाठी ठेवावी. आशीर्वाद फादर देतात, पण लावायला सिस्टर किंवा मास्तर (गावात धर्मशिक्षण देणारे) मदत करू शकतात. म्हणून आशीर्वादित भस्म झाकणाच्या डब्यांत घालून उपकेंद्रांवर पाठवता येतं. उरलेलं गटारात नाही, झाडाच्या बुडाशी.

बाकी किरकोळ. वेदीवर फुलं नाहीत. अपवाद चौथा रविवार आणि मोठे सण. जांभळी वस्त्रं आदल्या आठवड्यात उन्हात टाकू नका, रंग उडतो. मेणबत्त्या मार्चपासून आडव्या ठेवा. पत्र्याच्या छपराखाली उभ्या ठेवल्या की वाकतात, त्यात पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती वाकली तर ती सरळ होत नाही. कोरड्या हवेत होस्टिया (ख्रिस्तप्रसादाच्या पातळ चकत्या) कडक होऊन चुरा होतो, घट्ट झाकणाचा डबा हवा आणि दोन आठवड्यांपुरताच साठा. दाराजवळची पवित्र पाण्याची तीर्थपात्रं रिकामी करून त्यात वाळू भरायची टूम काही ठिकाणी निघाली आहे. ती चूक आहे, रोमने २००० सालीच सांगितलंय. पाणी काढायचं ते पवित्र गुरुवारनंतरच.

क्रूसाच्या वाटेची व्यवस्था बघणारा, वैजापूर तालुका

क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या चौदा स्थानांवर थांबत करायची प्रार्थना, आमच्याकडं दर शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला. त्याआधी जमीन तापलेली असते, गुडघे टेकवत नाहीत. पहिला आणि शेवटचा शुक्रवार चर्चमध्ये, मधले गावात. चौदा स्थानं म्हणजे चौदा दारं. कॅथलिक घरं नऊच असली तर मोठ्या अंगणाच्या घरांना दोन-दोन स्थानं द्यायची, किंवा शेजाऱ्यांनी होऊन बोलावलं तर त्यांच्या ओट्यावर. स्थानाला चित्र नसलं तरी चालतं, लाकडी क्रूस पाहिजे. वीतभर उंचीचे चौदा क्रूस, मागं आकडा लिहिलेला, एका पिशवीत. आकडा नसला की सातवं आणि नववं हमखास उलटसुलट लागतंय, दोन्हीकडं प्रभू पडलेलाच आहे ना.

एका स्थानाला तीन मिनिटं. मनन, प्रार्थना, एक कडवं. चौदा त्रिक बेचाळीस आणि चालणं धरून तासाभरात संपलं पाहिजे. लांबवलं की परीक्षेवाली पोरं मधूनच निघून जातात, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. कडवं असं निवडा जे पाठ आहे, अंधारात पुस्तक दिसत नाही. वाचणाऱ्याला मजकूर आदल्या दिवशी मोठ्या अक्षरात द्या. "हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो" झाल्यावर लोकांनी उत्तर द्यायचं असतं, वाचणारा श्वासही न घेता पुढं पळतो. तिथं मनात एक, दोन, तीन मोजायचं. बाराव्या स्थानाला (प्रभूचं मरण) गुडघ्यावर बसून गप्प राहायचं असतं. तेव्हा माईकवाल्यानं "हॅलो, हॅलो" करू नये, एवढं त्याला वेगळं बजावा.

मोठा क्रूस: उभं लाकूड सात फूट, आडवं चार, जाडी चार बाय तीन इंच. बाभळीचं केलं तर वीस किलोच्या पुढं जातं, दोन माणसं लागतात. कडुलिंबाचं थोडं हलकं. जोडाला खाच पाडून बोल्ट घाला, नुसते खिळे उन्हाळ्यात ढिले पडतात आणि आडवं लाकूड फिरतं. खांद्याला लागणारी कड रंध्यानं गोल करून घ्या. जनरेटरच्या आवाजात प्रार्थना ऐकू येत नाही, बॅटरीवरचा लहान स्पीकर घ्या, तो दुपारी चार्ज करून ठेवा कारण ऐन वेळी लाईट नसते. मेणबत्त्या वाऱ्यात टिकत नाहीत. दोन कंदील पुढं, एक मागं.

वरच्याला जोड, परवानगीपुरती, नांदेड

चर्चच्या आवारात काही लागत नाही. रस्त्यावर येणार असाल तर झावळ्यांचा रविवार आणि शुभ शुक्रवार यांचा एकच अर्ज पोलीस ठाण्यात दहा-बारा दिवस आधी द्या. त्यात मार्ग, निघण्याची आणि संपण्याची वेळ, अंदाजे माणसं, जबाबदार दोघांचे फोन. पोचपावती घ्या. ध्वनिक्षेपक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हे पास्काच्या जागरणाला (पवित्र शनिवारी रात्री अग्नी पेटवून सुरू होणारी उपासना) फार नडतं. जागरण अंधार पडल्याशिवाय सुरू करता येत नाही आणि एप्रिलात सव्वासातपर्यंत उजेड असतो. साडेसातला अग्नी पेटवला तर दहाच्या आत उरकतं, पण जुन्या करारातली सातही वाचनं घ्यायची तर वाचकांनी वेळेत उभं राहायला हवं. कमी केली तरी निदान तीन, आणि निर्गम ग्रंथातलं समुद्र ओलांडण्याचं वाचन कधीच गाळायचं नाही.

२०२६ ला भस्म बुधवार १८ फेब्रुवारीला आला आणि रमजानही त्याच आठवड्यात लागला. अशा वर्षी क्रूसाची वाट इफ्तारच्या वेळेला मशिदीसमोरून न्यायची नाही. मार्ग तरी बदला नाहीतर वीस मिनिटं पुढे ढकला. आधी जाऊन बोलून आलं की तिकडूनच पोरं रहदारी आवरायला उभी राहतात.

शुभ शुक्रवारची उपासना तीनलाच हवी असा हट्ट धरू नये. पालकीय कारणासाठी उशिरा घेण्याची मुभा आहे. चाळीस अंशांत मंडपाखाली म्हाताऱ्यांना बसवण्यापेक्षा साडेचार-पाच बरं. मंडपाला नुसतं कापड नको, वर हिरवी शेडनेट टाका आणि बाजू उघड्या ठेवा.

मास्तर, बीडकडची उपकेंद्रं

ऊसतोडीमुळे आमचं सगळं गणित उलटं. दिवाळीनंतर कोयते (ऊसतोडीच्या जोड्या) जातात, परततात मार्चअखेर किंवा एप्रिलात. उपवासकाळाच्या सुरुवातीला गावात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. फादर महिन्यातून एक-दोन रविवार येतात, बाकीच्या रविवारी वचनांची उपासना: वाचनं, मनन, श्रद्धावंतांच्या प्रार्थना, प्रभूची प्रार्थना आणि आधी आशीर्वादित केलेला ख्रिस्तप्रसाद (कम्युनियन) असेल तर तो. याला मिस्सा (फादरांनीच अर्पण करायचा ख्रिस्तयाग) म्हणू नये आणि ख्रिस्तयागाची प्रार्थना मास्तरांनी वाचू नये, लोक आग्रह करतात तरीही.

पापनिवेदनाची (कन्फेशनची) गर्दी शेवटच्या आठवड्यात होते. हिशेब करून बघा: माणशी चार मिनिटं, तासाला पंधरा जण, एकशे वीस माणसांना एका फादरांचे आठ तास. म्हणून शेजारच्या धर्मग्रामांशी जानेवारीतच तारखा बदलून घ्यायच्या, एकाच संध्याकाळी तीन-चार फादर येतील अशा. आधी सगळ्यांनी मिळून वाचन आणि आत्मपरीक्षण, मग एकेकानं निवेदन. गर्दी आहे म्हणून सरसकट सामूहिक क्षमा देता येत नाही. खुर्च्या एकमेकींपासून लांब, चार कोपऱ्यांत. रांग दहा पावलं मागं. मंद भजन चालू ठेवावं, पत्र्याच्या चर्चमध्ये कुजबुजही ऐकू जाते.

जे सणापर्यंत परतत नाहीत ते घाबरतात की पास्काच्या काळात वर्षातून एकदा तरी घ्यायचं कम्युनियन चुकलं. नाही चुकत. पास्काचा काळ पेन्टेकॉस्टपर्यंत पन्नास दिवसांचा आहे, आणि योग्य कारण असेल तर वर्षात इतर वेळीही चालतं. कारखान्यावर असतानाही जवळच्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये पापनिवेदन करता येतं, गावच्या फादरांची चिठ्ठी लागत नाही. ही गोष्ट टोळी निघायच्या आधी सांगितली पाहिजे, मुकादमाच्या गाडीत बसल्यावर नव्हे.

गायकवृंद, लातूर

आलेलूया (शुभवर्तमानाआधीचा जयघोष) पूर्ण बंद, ग्लोरिया (देवाच्या गौरवाचं स्तोत्र) रविवारी नाही. पण १९ मार्च संत योसेफ आणि २५ मार्च देवदूताचा निरोप या दिवशी ग्लोरिया आहे, आलेलूया तरीही नाही. पेटीवाला सवयीने आलेलूयाचा सूर धरतो आणि सगळं चर्च त्याच्या मागे जातं. त्याच्या पेटीवर चिठ्ठी चिकटवा. वाद्यं फक्त गाण्याला आधार म्हणून. दोन कडव्यांमधले लांब तुकडे आणि ढोलकीची लग्गी काढून टाका. तबला हवाच असेल तर साधा ठेका. सूर नेहमीपेक्षा अर्ध्या पट्टीने खाली घेतला तर बायकांचा आवाज मोकळा लागतो.

झावळ्यांच्या रविवारचं दुःखसहन-वाचन (शुभवर्तमानातलं येशूच्या दुःखाचं आणि मरणाचं वर्णन) तिघांत वाटतात: निवेदक, ख्रिस्त, बाकीचे. मत्तयच्या शुभवर्तमानातलं पूर्ण घेतलं तर अर्धा तास धरा. जमावाचे उद्गार लोकांकडून म्हणवून घ्यायचे तर छापील कागद द्या, नुसता इशारा करून कोणी बोलत नाही.

महिला मंडळ, परभणी

रोज स्वयंपाकाच्या आधी एक मूठ धान्य वेगळं. मूठ तीस-चाळीस ग्रॅमची, चाळीस दिवसांत घरटी सव्वा ते दीड किलो. साठ घरांचं पाऊण ते एक क्विंटल भरतं, तेवढं ठेवायला कोरडी जागा आधी बघा. ज्वारी, गहू, तांदूळ वेगळ्या पिशव्यांत. एकत्र आलं की निवडण्यात आठवडा जातो आणि शेवटी कोंबड्यांना घालावं लागतं. पीठ घेऊ नका, लगेच जाळी धरतं. कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला, ओला घातला तर उलट बुरशी येते. पाचव्या रविवारी गोळा करून पवित्र आठवड्याच्या आत वाटून टाका, मेपर्यंत ठेवलं की सोंडे पडतात. यादी फादर आणि मंडळातल्या दोघी मिळून करतात, त्यात फक्त आपली घरं नसतात.

पैशांची पाकिटं वेगळी. उपवासकाळातली कॅरितास इंडियाची (चर्चच्या समाजसेवा संस्थेची) वर्गणी आणि शुभ शुक्रवारची पवित्र भूमीसाठीची वर्गणी हे दोन निरनिराळे हिशेब आहेत, पेट्याही दोन ठेवा आणि मोजायला प्रत्येक वेळी तिघीजणी बसा. पाकिटावर नाव सक्तीचं करू नका. दुष्काळी वर्षात नाव लिहायचं म्हटलं की लोक पाकीट घरीच ठेवतात.