मदत हवी आहे: सांगलीत तळमजल्याला एएसी ब्लॉक (हवेच्या छिद्रांचा हलका सिमेंट ब्लॉक) की लाल वीट?

काळ्या मातीत आरसीसी फ्रेमचं दुमजली घर बांधायचंय. बाहेरच्या भिंती 8 इंची, आतल्या 4 इंची. ब्लॉकची कोरडी घनता 550 ते 650 किलो प्रति घनमीटर, म्हणजे विटेच्या साधारण तिसरा हिस्सा. पायावरचा भार आणि स्टील वाचतं, हे मान्य. अडचण पाण्याची. ब्लॉक पाणी पितो आणि सावकाश सुकतो. 2019 सारखा कृष्णेचा पूर आला आणि भिंत चार दिवस पाण्यात राहिली, तर प्लॅस्टर सुटतं का? खाली 3 फूट वीट आणि वर ब्लॉक असं कुणी केलंय का? त्या आडव्या सांध्यात तडा गेला का?

दुसरं म्हणजे गवंडी. ब्लॉक विटेसारखे भिजवून जाड मसाल्यात बसवतात. मग ते सुकताना आकसतात आणि कॉलमलगत उभी चीर पडते. 3 मिमीचा केमिकल मसाला (ब्लॉक चिकटवायचा तयार मसाला), भिजवण्याऐवजी फक्त ओला ब्रश, कॉलमच्या सांध्यावर जाळी, दिवसाला 4-5 फूटच उंची, हे पाळणारे मिरज-सांगलीकडं मजुरी काय घेतात?

आणि गिझर, किचन ट्रॉलीला कोणते फास्टनर (भिंतीत बसवायचे स्क्रू-अँकर) टिकले? साधा प्लॅस्टिकचा प्लग तर ब्लॉकमधून ओढला की भुशासकट बाहेर येतो.