मदत हवी आहे : आईची रक्तातल्या डीएनएची तपासणी करून घ्यावी का?

नमस्कार मंडळी. आईचं (वय ६४) मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन तीन आठवड्यांपूर्वी सांगलीत झालं. दुसरी स्टेज, लिम्फ नोड्स (लसिका ग्रंथी) स्वच्छ, म्हणजे तिथे कॅन्सर पोचलेला नाही. केमो द्यावी की नाही, यावर डॉक्टर म्हणतात, 'तुम्ही ठरवा.' आम्ही काय ठरवणार? तिची शीर सापडायला नर्सला तीन-तीनदा सुई टोचावी लागते. उगाच केमो नको वाटते, आणि न द्यावी तर झोप लागत नाही.

सीटीडीएनए (रक्तात फिरणारा गाठीचा डीएनए) तपासणीबद्दल वाचलं. गाठीच्या पेशी मरताना त्यांच्या डीएनएचे तुकडे रक्तात येतात. आधी गाठीचं सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) करून तिच्यातले बदल शोधतात, मग तेच बदल रक्तात आहेत का ते बघतात. ऑस्ट्रेलियातल्या 'डायनॅमिक' नावाच्या वैद्यकीय अभ्यासात (निष्कर्ष २०२२, दुसऱ्या स्टेजचे ४५५ रुग्ण) ऑपरेशननंतर चौथ्या आणि सातव्या आठवड्यात रक्त घेतलं. रक्तात गाठीचा डीएनए सापडला तरच केमो, असं ठरवल्यावर १५ टक्के जणांनाच केमो लागली, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्के. दोन वर्षांनी कॅन्सर परतण्याचं प्रमाण मात्र जवळपास सारखंच. हे वाचून फार धीर आला.

पॅथॉलॉजीतून गाठीचा ब्लॉक आणलाय, मेणाची छोटी वडी, आत फिकट तुकडा. डबीत जपून ठेवलाय. तो लॅबला दिला तर परत मिळतो का? सांगलीहून रक्त पाठवताना खास ट्यूब कोण देतं? खर्च किती आला, रिपोर्टला किती दिवस लागले? आणि मुख्य म्हणजे, रिपोर्ट निगेटिव्ह आल्यावर तुमच्या डॉक्टरांनी खरंच केमो टाळली का? पुढच्या आठवड्यात चौथा आठवडा पुरा होतोय, कृपया लवकर कळवा.