उतारावरील जागेत जोते कसे आखावे?

प्रश्न: सत्तरी तालुक्यातील आमच्या उताराच्या जागेत घराचे जोते आखायचे आहे. जमिनीवर फीत टेकवून मोजलेली लांबी नकाशाशी जुळत नाही. चारही कोपरे एका पातळीत कसे आणावेत, हेही कृपया सांगावे.

पहिले उत्तर: नकाशातील अंतर नेहमी आडवे असते. उतारावर मोजलेल्या 20 मीटर लांबीत 3 मीटरचा चढ असेल, तर आडवे अंतर सुमारे 19.77 मीटरच भरते. म्हणून फीत आडवी ताणून, ओळंब्याने बिंदू खाली उतरवत टप्प्याटप्प्याने मोजावे. काटकोनासाठी 3, 4 आणि 5 मीटर बाजूंचा त्रिकोण आखावा.

दुसरे उत्तर: पातळीसाठी पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पुरते, परंतु तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. माझ्या जोत्याचा एक कोपरा याच चुकीमुळे दोन बोटे खाली गेला आणि जांभ्याचा अख्खा थर उकलावा लागला, म्हणून हे कळकळीने सांगतो.

तिसरे उत्तर: ऑटो लेव्हल (आडव्या दृष्टिरेषेने उंचीतला फरक मोजणारे दुर्बिणीचे यंत्र) भाड्याने मिळाल्यास ते, ज्या दोन बिंदूंची पातळी ताडायची, त्या दोन्हींपासून समान अंतरावर लावावे. दृष्टिरेषा किंचित कललेली असली, तरी बिंदूंवर उभ्या धरलेल्या मोजपट्टीच्या दोन्ही वाचनांत सारखीच चूक येते आणि वजाबाकीत ती नाहीशी होते.