आंबा बुकिंगच्या फॉर्मला चित्रकोडं नको

एकांनी सुचवलंय की आंबा बुकिंगच्या ऑनलाइन फॉर्मवर बॉट्सचा (आपोआप फॉर्म भरणाऱ्या प्रोग्रॅम्सचा) कचरा येत असेल तर सरळ चित्रांचा कॅप्चा (भरणारा माणूस आहे की यंत्र हे ओळखायचं कोडं) लावा. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. देवगडजवळच्या आमच्या बागेच्या साइटवर तो दोन हंगाम होता. दरवर्षी पाच पेट्या नेणाऱ्या काकांचा फोन आला, "अरे, फायर हायड्रंट ओळखा म्हणतंय, ते काय असतं?" आग विझवायच्या पाण्याचा तो नळ आपल्या गावांत रस्त्याकडेला कुणी पाहिलाय? ज्यांना नीट दिसत नाही त्यांना तर वाटच बंद.

आणि बॉट अडतो का? कॅप्चाचाच दुसरा प्रकार, वेड्यावाकड्या अक्षरांचं कोडं, यंत्र ९९.८ टक्के अचूक सोडवतं, हे गूगलनेच २०१४ मध्ये सांगितलं होतं.

त्यापेक्षा फॉर्ममध्ये एक जादा रकाना ठेवा आणि सीएसएसने (पान कसं दिसावं ते ठरवणाऱ्या कोडने) तो दृष्टीआड करा. माणसाला तो दिसत नाही, बॉट बहुधा सगळे रकाने भरतो. भरून आला की फॉर्म बाजूला. मात्र स्क्रीन रीडर (नीट न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) तो वाचू शकतो, म्हणून लेबलात ‘हा रकाना रिकामा ठेवा’ असं लिहाच, आणि त्या रकान्यापुरतं ऑटोफिल (ब्राउझरने आपोआप माहिती भरणं) बंद करा. पान उघडल्यापासून दोन-तीन सेकंदांत आलेला फॉर्मही संशयित धरा.

एका आयपीवरून (इंटरनेट जोडणीच्या पत्त्यावरून) किती फॉर्म घ्यायचे याची मर्यादा घालताना हात सैल ठेवा. मोबाइल नेटवर्कवर अनेक ग्राहक एकाच आयपीमागे असतात, शिवाय रेंज गेली की माणूस तोच फॉर्म तीनदा पाठवतो. संशयित फॉर्म पुसू नका, वेगळ्या यादीत टाका. मी रोज संध्याकाळी ती यादी डोळ्यांखालून घालतो.