हेल्मेटच्या आधी नकाशा

बांधकामावरचे अपघात कसे टाळायचे, या चर्चेतले बहुतेक प्रतिसाद हेल्मेट, सेफ्टी बेल्ट आणि कामगारांच्या निष्काळजीपणाभोवती फिरताहेत. हे सगळं हवंच, पण धोका नियंत्रणाच्या उतरंडीत (म्हणजे जास्त परिणामकारक उपाय वर, कमी परिणामकारक खाली अशा क्रमात) अंगावर घालायची साधनं सगळ्यात खालच्या पायरीवर असतात. सगळ्यात वर असतं धोकाच मुळात नाहीसा करणं, आणि त्याची सर्वांत चांगली संधी नकाशा कागदावर असतानाच मिळते.

गच्चीचा कठडाच घ्या. तो गुडघ्याएवढा ठेवला, तर बांधकाम चालू असताना तात्पुरतं रेलिंग लागतं आणि पुढे टाकी साफ करायला किंवा एसी दुरुस्त करायला वर जाणाऱ्या प्रत्येकाला दोर बांधावा लागतो (बांधतो कोण, हा वेगळा प्रश्न). तोच कठडा सुमारे 42 इंचांचा केला की इमारत उभी आहे तोवर काळजी मिटली. पोलादी खांबांचंही तसंच. कडेच्या खांबांना कारखान्यातच योग्य उंचीवर भोकं पाडून आणली, तर खांब उभे राहताच कडेवरून कुणी पडू नये म्हणून त्यांतून सुरक्षा-तार ओवता येते. छतातल्या प्रकाशखिडक्यांवर पाय पडून माणसं खाली कोसळतात; तिथे जाळी किंवा वजन पेलणारी काच नकाशातच दाखवायला हवी.

'खर्च वाढेल' असं चर्चेत एकांनी लिहिलंय. थोडा वाढेलही. पण इमारत झाल्यावर अशा सोयी नंतर जोडणं सहसा जास्त महाग पडतं. ब्रिटनमध्ये तर 1994च्या सीडीएम नियमांपासून (बांधकामाच्या डिझाइन आणि व्यवस्थापनाचे नियम) नकाशातच धोक्यांचा विचार करणं ही डिझायनरची कायदेशीर जबाबदारीच आहे. 'ते कंत्राटदार बघून घेईल' म्हणत हात झटकता येत नाहीत.