मदत हवी आहे: ताशी ७० च्या पुढे पुढची चाकं फडफडतात

१९२५च्या सुमाराची आलिशान गाडी, पुढे सरळ अ‍ॅक्सल आणि पाटे. ताशी ७० किमीला एखादा खड्डा लागला की स्टिअरिंग दोन्ही हातांना हिसके देतं. वेग ४०वर येईपर्यंत थांबत नाही.

किंगपिनचे (पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिचे) बुश नवे, ड्रॅग लिंकच्या (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याच्या) सॉकेटमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, काढलाय, टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) ३ मिमी, चाकं बॅलन्स केलेली.

१९११ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स या शर्यतीच्या ट्रॅकवर रोल्स-रॉइसच्या अर्नेस्ट हाइव्ह्सने त्यांची सिल्व्हर घोस्ट गाडी ताशी १०१.८ मैलांनी पळवली, पण तेव्हा पुढे ब्रेक नव्हते आणि टायर अरुंद, कडक. पुढच्या ब्रेकचं वजन आणि मऊ बलून टायर (रुंद, कमी हवेचे) आल्यावरच हा रोग बळावला.

कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, ४ अंश आहे. अ‍ॅक्सल आणि पाट्यांमध्ये पाचरी घालून २ वर आणू, की आधी टायरमधली हवा वाढवून पाहू? कॅस्टर फार कमी केला तर गाडी सरळ रस्त्यावर भरकटेल, ही खरी धास्ती आहे.